थंड बाटली

बाटली हातात घेतली आणि मला कळलं, ही त्याची नाही.

आमच्या तपासणी केंद्रात माणसाला नाव नसतं, नंबर असतो. खिडकीतून मी रिकामी बाटली देते, माणूस स्वच्छतागृहात जाऊन लघवीचा नमुना भरून आणतो. नुकती भरलेली बाटली हातमोज्यातूनही कोमट लागते. नऊ वर्षं ती ऊब माझ्या तळव्याला पाठ आहे. सत्तेचाळीस नंबरची बाटली मात्र नळाच्या पाण्यासारखी गार. कुणाची तरी लघवी खिशातून आणलेली, आत जाऊन ओतलेली.

मान वर केली, तर समोर टापटीप.

हे नाव माझ्या धाकट्या बहिणीनं तिच्या प्रियकराला ठेवलेलं. इस्त्री करता करता ती गाणं जुळवायची:

सदऱ्याला चुणी नाही, शब्दाला मोड नाही,
सख्या माझ्या टापटिपीला दुनियेत जोड नाही.

मी त्याला फक्त तिच्या फोनमध्ये पाहिलं होतं. त्यानं मला कधीच नाही. निरोध वापरू, एकदा तपासून घेऊ, असं धाकटी म्हणाली तेव्हा तो हसला होता, "मी काय तसा दिसतो का?" नाही दिसत. तिलाही महिनोन् महिने काही दिसलं नाही, दुखलं नाही. मग एका दुपारी पोट धरून ती जिन्यातच बसली. त्याच्याकडून आलेल्या संसर्गानं उजवीकडची गर्भनलिका काढावी लागली. दवाखान्यातूनच तिनं त्याला फोन केला, "तूही तपासून घे रे." 'रे' म्हणाली वेडी! त्यानं तिचा नंबरच ब्लॉक करून टाकला. त्याला पाच महिने झाले.

आता तो खिडकीशी उभा होता, आणि मला काहीच करायचं नव्हतं. थंड बाटली पुढे ढकलायची, बस्स. अहवाल स्वच्छ येणार. रोग आत राहणार. सडू दे, म्हटलं. आतून सडू दे, कुणाला न दिसता, धाकटीसारखंच. हात बाटलीच्या ट्रेकडे गेलासुद्धा.

"ताई, माझी झाली का जमा?" त्याच्या मागून एक चष्मेवाली पुढे आली. काखेत हेल्मेट. "अठ्ठेचाळीस नंबर. आमचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. दोघांचे अहवाल दोघांनी मिळून वाचायचे, असं ठरलंय. हा आधी रुसला. म्हणे, मी काय तसा दिसतो का? मी म्हटलं, बाबा रे, डोळ्यांनी दिसलं असतं तर प्रयोगशाळा कशाला काढल्या असत्या?"

हात थांबला. माझा सूड या पोरीला भोगावा लागणार होता.

ती बाकावर जाऊन बसली तशी मी त्याला जवळ बोलावलं. आवाज खाली ठेवला.

"ही गार आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या अंगातून आत्ता निघालेलं पाणी गार कसं?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम, समजून घ्या ना. मला काही त्रास नाही हो. तिच्या समाधानासाठी..."

"कुणाची आहे?"

"मित्राची."

"मित्राला सांगा, नमुना चांगला होता." मी बाटली कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. त्याच्या देखत, सावकाश. "आता एक तास बसायचं. लघवीला जायचं नाही, पाणी ढोसायचं नाही. मग पहिली धार, इथे. नाहीतर नमुना नाकारला असं कागदावर लिहीन, आणि तो कागद तुम्ही दोघं मिळून वाचा."

"तिला काही सांगू नका, प्लीज."

"मी कुणालाच काही सांगत नाही. तसा नियमच आहे इथला."

तो तासभर बसला. घड्याळ त्याच्या डोक्यावर, चष्मेवालीचा हात त्याच्या गुडघ्यावर. तो गुडघा हलत होता. मी सुया मोजल्या, चिकटपट्ट्या लावल्या आणि मिनिटामिनिटाला त्याच्याकडे पाहिलं. धाकटी जिन्यात बसली होती ती मिनिटं मी त्याच्याकडून वसूल केली.

दुसरी बाटली कोमट होती.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी गोळ्या घेऊन गेले तेव्हा दोघांचे कागद टेबलावर होते. तिचा स्वच्छ. त्याचा नाही.

"घाबरू नका, पूर्ण बरा होतो हा संसर्ग," बाई सांगत होत्या. "आधीच्या मैत्रिणींना कळवावं लागेल मात्र."

"एकीला माहीत आहे," तो पुटपुटला. "तिनंच पाच महिन्यांपूर्वी सांगितलं होतं मला."

चष्मेवालीनं हेल्मेट उचललं.

"रोग झाला म्हणून नाही जात मी," ती म्हणाली. "माहीत होतं तुला, म्हणून जातेय."

दार लागलं. मी त्याच्यापुढे पाकीट ठेवलं. "सात दिवस. एकही गोळी चुकवायची नाही." आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला. आम्हा बहिणींची हनुवटी एकच, मधोमध खळगा असलेली. त्यानं पाहिलं, ओळखलं, आणि पाकीट घाईघाईनं खिशात कोंबलं. मी मास्क पुन्हा वर घेतला.

घरी धाकटी इस्त्री करत होती. गाणं नव्हतं, पाच महिने नाहीच.

"आज स्वारी खुशीत?" तिनं विचारलं.

सांगावंसं इतकं वाटलं की जीभ दाताखाली धरली. तिलाही सांगायचं नाही. नियम तिच्यासाठीही तोच.

"एकाचा नमुना परत घ्यावा लागला," मी म्हटलं.

"मग?"

"कोमट आला."

तिला काहीच कळलं नाही. मी तिच्या हातातली इस्त्री घेतली आणि पुढचा सदरा दाबून, वाफ निघेपर्यंत दाबून, सपाट केला.