छातीचा फोटो

गिरणीच्या डॉक्टरने गुणाजीच्या छातीचा फोटो काढायचा हुकूम सोडला. तीन महिने त्याने खोकला मफलरमध्ये दाबून ठेवला होता. क्षय निघाला तर नोकरी जाणार, मग घाटकोपरची खोली तरी कशी टिकणार? म्हणून त्याने धाकट्या भावाला, न्हानूला, आपल्या नावाने फोटोला उभं केलं. न्हानू रेड्यासारखा धट्टाकट्टा, त्याला कसली धाड भरलीय!

आठवड्याने चिठ्ठी आली. गुणाजीला क्षय, कामावरून कमी.

न्हानू चक्रावला. "दादा, फोटो माजो काढल्यानी, मगे रोग तुजो कसो दिसलो?"

गुणाजीने चिठ्ठी मुठीत चुरगळली. दोन वर्षं दोघे एकाच वाकळीत निजत होते. खरं सांगितलं तर हा पुढचं विचारणारच, माका रोग कोणी दिलो?

"मशीन नावावरसून वळाखता रे," तो कसाबसा म्हणाला.

न्हानूचे डोळे भरले. "तू भियां नको, दादा. मी आसंय ना धडधाकट!" असं म्हणून त्याने नेहमीसारखा दादाचा उष्टा चहा पुढ्यात ओढला.

गुणाजीला त्याचा हात धरवला नाही.