मधोमध बसलेली केशर

सीडीत आमची बकरी ओरडत होती. शेजारच्या धुरपताबाईच्या घरात भांडी पडल्याचा आवाज होता. माझी मुलगी ज्योती चार वर्षांची असतानाचा तिचा खोकला होता. केशरचा आवाज नव्हता.

केशर माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते. साल २००७. तिच्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती, ब्याण्णव साली मी गोरेगावच्या आमच्या घरातच भरलेली. ज्योतीसाठी तिनं स्वतः एक गाणं रचलं होतं, ज्योतीचं नाव घालून. ते गाणं त्या कॅसेटमध्ये होतं. पंधरा वर्षं पत्र्याखालच्या पेटीत तापून फीत खराब झाली, म्हणून मी हिंगोलीला धनसिंगकडून तेवढ्या गाण्याची सीडी करून आणली. धनसिंग लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन सीडी करून द्यायचा.

ज्योती नांदेडला नर्सिंग शिकत होती. खास ही सीडी ऐकायला दोन दिवस आली होती. तिनं ती तिसऱ्यांदा लावली. पुन्हा बकरी, भांडी, खोकला. खोकल्याच्या मागं फार बारीक काहीतरी होतं, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं. त्यातला शब्द कळत नव्हता.

"बाबा, ह्या कॅसेटवर तुमी दुसरं काही भरलं का?"

"न्हाई."

"तुमाला सवय व्हती. मशीन तपासायला हाताला लागंल ती कॅसेट लावायचे. माझ्या शाळेतल्या कविता तुमीच पुसल्या."

"त्या पुसल्या. ही न्हाई."

"मंग आई कुठं गेली?"

ती उठून चुलीकडे गेली. चहा केला, पण माझा कप तिनं ओट्यावरच ठेवला.

तिचं चुकत नव्हतं. मी वीज खात्यात वायरमन होतो आणि ड्यूटी संपली की आवाजाच्या नादात असायचो. हौस एवढीच. डबल कॅसेटचा डेक घेतला. अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला. समोर दोन मोठे स्पीकर, मागं दोन लहान, मडक्यात बसवलेले. पुढं पाच स्पीकर आणि धमक देणारा मोठा डबा असलेलं होम थिएटरही आणलं. केशर म्हणायची, "घरात माणसं तीन अन् भोंगे दहा."

त्या संध्याकाळी मी कॅसेट हातात घेऊन बसलो होतो. लावायची हिंमत नव्हती. धनसिंगनं सांगितलं होतं, "काका, ये अब एकच बार चलेगी. हेडवर बघा, किती भुकटी निघून राहिली." वाजताना फितीवरचा तपकिरी थर सुटून आवाज उचलणाऱ्या हेडवर जमत होता. थर गेला की आवाज गेला. अर्ध्या तासात त्यानं तीनदा हेड पुसलं होतं.

मग मला एक गोष्ट आठवली. मडक्यातले मागचे दोन स्पीकर मी नांदेडच्या एका मेकॅनिकनं सांगितल्याप्रमाणे जोडले होते. ते डाव्या आणि उजव्या बाजूत जेवढा फरक असेल तेवढाच वाजवायचे. माणूस दोन माइकच्या मधोमध बसला तर त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा जातो. फरक उरत नाही, म्हणून तो मागून येऊच नये. पण केशरचा आवाज मागूनच मोठा यायचा. पाहुणे मान वळवून बघायचे. मी म्हणायचो, बघा आपली सिस्टीम.

मी धनसिंगला फोन लावला.

"कॅसेट उतरवताना डावी-उजवी वेगळी घेतली का?"

"नहीं काका, दोन्ही जोडून एक केली. बाईच्या आवाजाची कॅसेट है, उसको दोन बाजू कशाला?"

मी पेटी उपसली. केशरचं गाणं ज्यांवर भरलं ते दोन माइक खाली तळाशी होते. दोन्हीचे आतले पडदे खराब झाले होते तेव्हा मीच नवे बसवले होते, रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी. पहिल्याची जाळी काढली. लाल तार लाल ठिपक्यावर होती. दुसऱ्याची काढली. लाल तार दुसऱ्याच टोकावर होती.

बल्बला दोन तारा असतात. कोणतीही कुठंही लावा, बल्ब लागतो. बावीस वर्षं मी तसंच काम केलं होतं आणि माइकलाही तसंच केलं. माइकला ते चालत नाही. एका माइकचा आवाज पुढं आला की दुसऱ्याचा मागं जातो. दोन्ही वेगळे ऐकले तर कानाला फार कळत नाही. एकत्र केले की ते एकमेकांना मारून टाकतात. बकरी एका बाजूला होती, ती राहिली. भांडी दुसऱ्या बाजूला होती, ती राहिली. ज्योती कोपऱ्यात बाजेवर होती, तिचा खोकला राहिला. केशरला मी फूटपट्टीनं मोजून मधोमध बसवलं होतं.

ज्योतीला बोलावून दोन्ही माइक दाखवले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आई हाये त्याच्यात?"

"असायला पायजे."

"असायला पायजे म्हणजे?"

"फितीवर थर राहिला असंल तर."

सकाळी आम्ही निघालो. माझा डेक गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला, कारण कॅसेट ज्या डेकवर भरली त्यावरच ती सगळ्यात बरी वाजते. कॅसेट ज्योतीच्या हातात, स्टीलच्या डब्यात. जीप भरेना. ड्रायव्हर दोन सीट कमी आहेत म्हणून हलेना. हिंगोलीला धनसिंगच्या भागात बारा ते चार लाइट जायची. दहा वाजले तेव्हा ज्योती म्हणाली, "भाऊ, त्या दोन सीट आमच्याच धरा, पर हाला आता." एक म्हातारा म्हणाला, "मांडीवर काय हाये, लेकरू का?" मी व्हय म्हटलं.

धनसिंगच्या दुकानात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. त्याला सगळं समजावून सांगितलं.

"काका, मैं गारंटी नहीं देता. पिछली बार भी फीत किंचाळत व्हती."

"गॅरंटी मागत न्हाई. दोन्ही बाजू वेगळ्या घे. बाकी मी बघतो."

मी डेकचं पुढचं झाकण काढलं. हेड पुसलं, रबरी रोलर पुसला. ज्योती बघत होती. बारा वाजायला चौदा मिनिटं होती. गाणं आठ मिनिटांचं.

प्ले दाबलं.

कॉम्प्युटरवर दोन रेघा पसरायला लागल्या, एक वर, एक खाली. स्पीकर धनसिंगनं बंद ठेवले होते, त्याच्या मशीनवर ऐकता-ऐकता भरलं की अडखळायचं. आम्हाला फक्त रेघा दिसत होत्या. तिसऱ्या मिनिटाला फीत किंचाळली. डेकमधूनच आवाज आला, कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडावा तसा. फीत रोलरला चिकटत होती. फीत गुंडाळून घेणारी चकती अडखळायला लागली. मी पेन्सिल तिच्या दात्यात घातली आणि मोटर जेवढी फिरते तेवढीच हातानं मदत करायला लागलो. जास्त ओढलं तर फीत तुटेल. कमी ओढलं तर आत गोळा होईल.

"बाबा, सावकाश," ज्योती म्हणाली.

"बोलू नको."

म्हटलं आणि माझं मलाच ते ऐकू आलं. पेन्सिल सोडता येत नव्हती.

पाचवं मिनिट गेलं. हेडखाली तपकिरी भुकटी जमत होती, पण थांबवून पुसलं तर पुन्हा ती जागा सापडायची नाही. सहावं. रेघा बारीक व्हायला लागल्या. सातवं. मग रेघा सपाट झाल्या, गाणं संपलं असावं, आणि त्याच वेळी पंखा थांबला. डेकवरची आवाज दाखवणारी सुई पडली. बाराला पाच मिनिटं कमी होती.

कॉम्प्युटर बॅटरीवर गेला आणि टूं टूं वाजायला लागला.

"सेव्ह कर," मी म्हटलं.

"कर रहा हूँ ना, काका."

पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. बॅटरी जुनी आहे, चार मिनिटंच टिकते, असं त्यानं आता सांगितलं. पट्टी अर्ध्यावर थांबली. ज्योतीनं माझा दंड धरला. पट्टी पुन्हा हलली आणि संपली. धनसिंगनं घाईघाईनं मशीन बंद केलं. बॅटरीचं वाजणं थांबलं.

आत केशर होती की नाही, हे चार वाजेपर्यंत कळणार नव्हतं.

धनसिंग जेवायला घरी गेला. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. ज्योतीनं भाकरी आणली होती, पण डबा उघडला नाही. कॅसेट डेकमध्येच होती. काढताना फीत अडकेल म्हणून मी हात लावला नव्हता. तिनं वाकून बघितलं.

"अजून फीत हाये, बाबा. गाण्यानंतर काही हाये का?"

"काही न्हाई."

"त्या दिवशी गाणं संपल्यावर मशीन लगेच बंद केलं व्हतं?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"आईची एकच कॅसेट काहून हाये?" तिनं विचारलं. "तुमच्याकडं शंभर कॅसेटी. मी इचारलं की म्हणायचे, ती लाजायची. आई लाजायची? बायांच्या मंडळात माइक हातातून सोडायची न्हाई ती."



सव्वाचारला लाइट आली. धनसिंगनं फाइल उघडली. खालच्या रेघेवर कुठंतरी दाबलं आणि ती रेघ उलटी झाली. मग दोन्ही एकत्र करून त्यानं स्पीकर चालू केले.

आधी खरखर आली. मग केशर.

ती अगदी समोरून येत होती. इतकी स्वच्छ मी तिला डेकवर कधी ऐकली नव्हती. बकरी बाजूला गेली, भांडी बाजूला गेली. ज्योतीचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा ज्योतीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. सहाव्या मिनिटानंतर आवाज बसत गेला, पण शब्द होते. शेवटपर्यंत होते.

"पुढची फीत तर पांढरी पडून राहिली," धनसिंग म्हणाला. "गाना तो आ गया. रहने दें?"

रहने दे म्हणणं सोपं होतं. ज्योतीही काही म्हणाली नसती. तिला हवं ते मिळालं होतं.

"पुढं मी हाये," मी तिला म्हटलं. "अन् ती बोलते. तुला ऐकायचं असंल तर वाजवतो. त्याच्यानंतर ती मशीनसमोर कधी बसली न्हाई. लाजत नव्हती."

"वाजवा."

हेड पुसलं, पेन्सिल घातली, प्ले दाबलं. धनसिंगनं पुन्हा दोन्ही बाजू घेतल्या. चाळीस सेकंदांनी फीत तुटली. तेवढं त्यानं सरळ करून ऐकवलं.

माझा आवाज जवळून होता, कडक. "किती डाव सांगितलं, पोरगी खोकायला लागली की तिला बाहेर न्यावं. सगळं बिघडवलं. पुन्यांदा म्हण."

केशर म्हणाली, "तापानं फणफणलीय ती. खोकला का मशीनला इचारून येतो?"

"म्हण पुन्यांदा. हात हलवू नको."

"न्हाई म्हणत. मी तिच्यासाठी म्हणत व्हते, तुमच्या सुयांसाठी न्हाई." मग बांगड्यांचा आवाज, ती उठल्याचा. दुरून, ज्योतीला, अगदी हळू: "ये बाई, ये माझ्यापाशी." तिथं फीत तुटली होती.

धनसिंग मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागला. म्हणाला, "काका, आपका वाला काट दूँ? दोन मिनिटांचं काम हाये."

मी ज्योतीकडे बघितलं.

"काही काढू नका, भाऊ," ती म्हणाली. "हाये तसं टाका. दोन सीड्या करा."

सीड्या झाल्यावर तिनं त्या हातात घेतल्या. मग विचारलं, "त्याच्यानंतर तुमी आईला कधी म्हणाले का, मशीन ऱ्हाऊ दे, असंच म्हण म्हणून?"

"न्हाई."

"काहून?"

"तशी ती म्हणायचीच की. पहाटं, पाणी भरताना. मी अंथरुणात ऐकत पडायचो."

"तिला ठाऊक व्हतं?"

"न्हाई. मी झोपल्यासारखं करायचो."

"तिला सांगायचं व्हतं, बाबा."

तिनं दोन्ही सीड्या आपल्या पिशवीत ठेवल्या. मी डेक गोधडीत बांधला. परतीच्या जीपमध्ये ती खिडकीकडे बसली, डेक आमच्या दोघांच्या मध्ये. गोरेगावला उतरल्यावर तिनं पिशवीतून एक सीडी काढली आणि माझ्या हातात दिली.