कानवाल्या बाईंची जाहिरात

मावशीने मला बोलावलं तेव्हा माझी जाहिरात कंपनीतली नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. तिने पहिल्याच वाक्यात ते काढलं.

"रिकामी आहेस म्हणून बोलावलंय. हुशार आहेस म्हणून नाही. उगाच गैरसमज नको."

तिचं रेकॉर्डचं दुकान एका शिंप्याच्या आणि एका चष्मेवाल्याच्या मधे अंग चोरून उभं होतं. आत शिरलं की दोन्ही बाजूंना छातीपर्यंत लाकडी खोकी, त्यांत उभ्या लावलेल्या जुन्या रेकॉर्ड, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला काउंटर. काउंटरवर रेकॉर्ड प्लेअर आणि त्यामागे मावशी. कुणी रेकॉर्ड विकायला किंवा तपासायला आणली की ती सुई टेकवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "तिसऱ्या गाण्याच्या शेवटी चरा आहे. बाकी ठीक." मग कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक ते पाचमधला आकडा टाकायची, पाच म्हणजे निर्दोष. त्या आकड्यावर कुणी हुज्जत घालत नसे. सगळे तिला 'कानवाल्या बाई' म्हणत.

तिची जीभही तशीच होती. एक प्राध्यापक आपल्या गेलेल्या वडिलांच्या सगळ्या रेकॉर्ड गाडीत भरून घेऊन आले होते. मावशीने त्यांतल्या चार लावल्या आणि म्हणाली, "वडिलांना नाद होता, समज नव्हती. उचला हे." प्राध्यापकांनी खोकी उचलली, एकट्याने, सहा फेऱ्या मारून. तरी ते दर शनिवारी यायचे. तिने एकदा तरी आपल्याला बरं म्हणावं, अशी बहुतेक त्यांची आशा असावी. माझीही होती.

गिऱ्हाईक मात्र आटत चाललं होतं. चौकात एक चकचकीत दुकान निघालं होतं, तिथे रेकॉर्डबरोबर कॉफी मिळायची. म्हणून मावशीला मोबाईलवर फिरेल अशी एक मिनिटाची जाहिरात हवी होती.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यावर बसून तिला एकेक कल्पना ऐकवली. पहिली अशी की एक बाई दुकानात जुनी रेकॉर्ड शोधत येते, ती सापडते, सुई टेकते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

"ही जाहिरात आहे की तेराव्याची बातमी?" मावशी म्हणाली. "पुढची."

दुसरी कल्पना होती की रेकॉर्ड स्वतःच बोलते, आपण कुणाकुणाच्या घरात राहून आलो ते सांगते.

"उद्या माझी खुर्ची बोलेल. पुढची."

तिसऱ्यात मी मांजर घातलं होतं. ते ऐकून ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी स्वतःच कागद उलटा केला.

चौथी कल्पना मला तिथेच बसल्या बसल्या सुचली. "मावशी, तुझा कान हीच जाहिरात आहे. तीन-चार गिऱ्हाइकं समोर बसवू. तू रेकॉर्ड लावायचीस, डोळे मिटायचे आणि चरा कुठे आहे ते सांगायचं. बस. बाकी काही नको."

"नाही."

"का?"

"मी सर्कशीतली आहे का?"

ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, भाव खातेय. आयुष्यभर जिने आपल्या कानाचं कौतुक स्वतःच करून घेतलं, ती आता लाजते कशी? मी आठवडाभर तिच्या मागे लागले. शेवटी ती तयार झाली, पण रेकॉर्ड मीच निवडणार म्हणाली. मी म्हटलं, निवड बाई.

शूटिंगला प्राध्यापक आले, पलीकडच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर आले, आणि एक निवृत्त पोस्टमास्तरीण आल्या. सगळे काउंटरसमोर तीन खुर्च्यांवर बसले. माझा एक ओळखीचा कॅमेरावाला होता, त्याने दोन मोठे दिवे लावले, कानांवर हेडफोन चढवले आणि ॲम्प्लिफायरच्या मागची एक वायर काढून आपल्या रेकॉर्डिंगच्या डब्यात खुपसली. गाण्याचा आवाज थेट घ्यायचा म्हणाला.

मावशीने सुई टेकवली. डोळे मिटले.

दुकानात काहीच वाजलं नाही.

वायर काढल्याने स्पीकर बंद पडले होते. कॅमेरावाल्याच्या हेडफोनमध्ये गाणं चालू होतं, त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. आम्हाला ऐकू येत होती फक्त सुईची किरकिर, कागदावरून मुंगळा चालावा तेवढी. मी 'थांब' म्हणायला तोंड उघडलं, आणि मग मावशीकडे बघितलं.

ती डोलत होती.

काउंटरवर बोटाने ताल धरून, मान किंचित तिरकी करून, ती त्या शांततेत डोलत होती. "सुरुवातीला आवाज थोडा दबलाय," ती म्हणाली. "पण कसा भरदार आहे बघा." जरा वेळाने तिने बोट वर केलं. "हं. इथे. पहिल्याच अंतऱ्यात. टक, टक, टक. ऐकलंत?"

पोस्टमास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघू लागले. कॅमेरावाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बंद करू का म्हणून. आमचे चेहरे बघून त्याने एक हेडफोन कानावरून सरकवला होता, आणि त्यालाही आता कळलं होतं.

मी हाताने खूण केली. चालू ठेव.

मला तेव्हा वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या आधी मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. जाहिरातीच्या धंद्यात असा एक क्षण मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं कागद खरडतात.

पहिल्यांदा प्राध्यापक हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने. मावशीने डोळे उघडले, त्यांचा हसरा चेहरा बघितला आणि तीही हसली. तिला वाटलं, दाद मिळाली. "काय प्राध्यापक, पटलं ना?" ती म्हणाली. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर मी एकेक गोष्ट जुळवत गेले. दुकानाचा फोन ती उचलायची नाही, "मला फोनवर बोलायला आवडत नाही" म्हणायची. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बघायची, लोकांना ती जरब वाटे. रेकॉर्ड लावायच्या आधी दिव्याखाली तिरकी धरून खाचा न्याहाळायची. चरे ती डोळ्यांनी वाचत होती आणि कानाच्या नावावर खपवत होती. त्या दिवशीच्या रेकॉर्डचे चरे तिने आधीच पाठ करून ठेवले होते.

मी घरी आले आणि आईला ते चित्रण, त्यावरचं गाणं बंद करून, दाखवलं. आई मावशीची धाकटी बहीण. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एकदा बघितलं, मग म्हणाली, "परत लाव." तिसऱ्या वेळी ती हसायला लागली, इतकी की तिला खाली बसावं लागलं.

"मी सतरा वर्षांची होते," ती म्हणाली. "शाळेच्या निरोप समारंभात गायला उभी राहिले. ताई पहिल्या रांगेत. दुसऱ्याच ओळीला तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. सगळ्यांना दिसेल असे. अख्खं सभागृह हसलं. मी गाणं अर्धं टाकून खाली उतरले. त्यानंतर तू मला कधी गुणगुणताना तरी ऐकलंयस?"

नव्हतं ऐकलं. मला वाटायचं, आईला गाण्याची आवड नाही.

"हीच लाव," आई म्हणाली. "वरचं गाणं वगैरे काही घालू नकोस. असंच. किरकिर तेवढी राहू दे."

"तिला विचारायला हवं ना?"

"मग विचार की."

मी विचारलं. म्हणजे मी कच्ची जाहिरात लॅपटॉपवर घेऊन दुकानात गेले आणि मावशीसमोर लावली. मी गाणं काढून टाकलं होतं. त्या एका मिनिटात सुईची किरकिर, मावशीचा आवाज आणि शेवटी प्राध्यापकांचं हसू, एवढंच होतं. मावशी चष्मा लावून पडद्याजवळ वाकली. आपल्याला डोलताना बघून तिचा चेहरा सैल झाला. शेवट आला तसं ती मागे टेकून बसली.

"आवाज स्वच्छ आलाय," ती म्हणाली. "कुठे फाटत नाही. तुला येतं गं काम."

तिने मला उभ्या आयुष्यात चांगलं म्हटलं, ते एवढंच. मी "थँक्यू मावशी" म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. घरी येऊन शेवटी पाटी जोडली: 'आमच्या बाईंना ऐकू येत नाही. तुम्हाला येतं ना? मग या.' आणि दुकानाचा पत्ता.

चार दिवसांत जाहिरात कुठच्या कुठे पोचली. दुकानासमोर लोक उभे राहू लागले. मावशी खूश होती. तिने शिंप्याकडून नवा ब्लाउज शिवून घेतला. लोक रेकॉर्ड आणायचे, म्हणायचे, "बाई, जरा ऐकून सांगा ना," आणि तिने डोळे मिटले की हळूच आवाजाचं बटण शून्यावर न्यायचे. ती डोलायची. ते चित्रण करायचे. पोरंसोरं काउंटरशी येऊन नुसते ओठ हलवायची, आवाज न काढता, आणि ती त्यांना ओठ वाचून बरोबर उत्तर द्यायची. मग बाहेर जाऊन पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायची. हे मला चष्मेवाल्याने सांगितलं. तो रोज बघत होता. त्यानेही तिला काही सांगितलं नाही. त्याच्याकडेही गिऱ्हाईक वाढलं होतं.

नवव्या दिवशी एका शाळकरी मुलीला राहवलं नाही. तिने आपला मोबाईल मावशीपुढे धरला आणि शेवटची पाटी वाचायला दिली.

त्या दुपारी मावशी आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली. आई आतल्या खोलीत गेली आणि तिथेच थांबली.

"तुला कधी कळलं?" मावशीने विचारलं. तिची नजर माझ्या ओठांवर होती. आता तिला ते लपवायचं कारण नव्हतं.

"शूटिंगच्या दिवशी."

"म्हणजे मला दाखवलंस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी काय म्हणाले होते गं तेव्हा?"

मी दाराची कडी उगाच वर-खाली केली.

"सांग. मी काय म्हणाले?"

"आवाज स्वच्छ आलाय म्हणालीस."

तिने मान हलवली, जणू हिशेब जुळला. "काढून टाक ते."

"मी काढलं तरी उपयोग नाही, मावशी. लोकांनी उतरवून घेतलंय. आता ते माझ्या हातात नाही." हे खरं होतं. पण ते सांगताना मला हायसं वाटलं, हेही खरं.

ती जायला वळली आणि मग आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या आईला सांग, तिचे पाय दिसतायत."

पुढच्या आठवड्यात जुनी गिऱ्हाइकं रेकॉर्ड परत घेऊन आली. गेल्या कित्येक वर्षांत मावशीने पाचचा आकडा लिहून विकलेल्या रेकॉर्ड. प्रत्येकाला आता त्यांत चरे ऐकू येत होते. काहींत खरंच होते, बऱ्याचशांत नव्हते. मावशी कुणाशी वाद घालायची नाही. रेकॉर्ड घ्यायची, कव्हरवरचा आकडा खोडरबरने पुसायची आणि दुसरी देऊन टाकायची. प्राध्यापक काहीच परत करायला आले नाहीत. ते नुसते येऊन खुर्चीवर बसायचे, दर शनिवारऐवजी आता रोज, आणि रबर चालताना बघायचे.

दाताच्या डॉक्टरांनी तिला आपल्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिने यंत्र घेतलं. ते लावून तिने तिची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली म्हणे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज आला. तिने यंत्र काढून गल्ल्यात टाकलं. पण त्याआधी तिला बाहेरचं हसणं मात्र नीट ऐकू आलं होतं.

मला नोकरी लागली. मुलाखतीला पाच जण होते. त्यांनी ती जाहिरात भिंतीवर मोठी करून लावली आणि मावशीने "ऐकलंत?" म्हणताच सगळे खो खो हसले. मीही हसले. न हसून कसं चालेल?

मग एक दिवस आई म्हणाली, मी आता दुकानात बसायला जाते. ताईला कुणीतरी ऐकणारं हवं ना. मी थक्क झाले. मला वाटलं, पाझर फुटला. सुट्टीच्या दिवशी मी बघायला गेले.

काउंटरमागे दोन खुर्च्या होत्या. एक गिऱ्हाईक रेकॉर्ड तपासायला घेऊन उभं होतं. आईने सुई टेकवली आणि ऐकू लागली. मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती, हातात पेन्सिल धरून. गाणं संपलं. आईने सावकाश पदर नीट केला, चष्मा पुसला, गिऱ्हाइकाला खालच्या आवाजात, तोंड फिरवून, काहीतरी सांगितलं. गिऱ्हाईक हसलं.

"काय म्हणालीस?" मावशीने विचारलं.

आईने पाण्याचा ग्लास उचलला.

"अगं, किती लिहू?"

आईने दोन घोट घेतले, ग्लास खाली ठेवला आणि दुसरी रेकॉर्ड उचलली. मावशीची पेन्सिल कव्हरच्या कोपऱ्यावर तशीच टेकलेली होती. मी दारातून परत फिरले. मला त्या दोघींनीही बघितलं होतं.