माझ्या तासकाट्याची शेपटी

मित्रांनो, मी एक जुने गोल घड्याळ आहे आणि रोज दहा मिनिटांचे खोटे बोलतो. हे पाप माझे नाही. ग्लासगोच्या या विद्यापीठात मोरागबाई आश्रयाचा आणि स्थलांतराचा कायदा शिकवतात, आणि माझे काटे त्यांनीच पुढे करून ठेवले आहेत. आश्रय नाकारल्याचे पत्र आले की अपील करायला चौदा दिवस मिळतात. पंधराव्या दिवशी कितीही दार ठोठावा, ते उघडेलच असे नाही. म्हणून या खोलीत सगळे दहा मिनिटे आधी घडते.

माझा जन्म जहाजांच्या कारखान्यातल्या भोजनघरासाठी झाला. काय थाट होता तिथे माझा! काटे बारावर जुळले की आठशे माणसे हातातले काम टाकून उठत. पुढे कारखाना बंद पडला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात राहिलो. तिथून बाईंनी मला उचलले. दर बुधवारी इथे खरी माणसे आपले खरे कागद घेऊन येतात आणि विद्यार्थी बाईंच्या देखरेखीखाली त्यांची अपिले लिहायला शिकतात. पण माझ्याकडे बघतो कोण? जो तो फोनमध्ये. यंदा तर मला काढून आकड्यांचे चकचकीत घड्याळ लावायचे घाटत होते. मी रुसूनच भिंतीवर बसलो होतो.

त्याच हिवाळ्यात झेनेबेचबाई आल्या. त्या मूळच्या इथिओपियाच्या, सोबत दहा वर्षांची मुलगी मेरोन. त्यांच्या नवऱ्याला शिपायांनी घरातून उचलून नेले होते. परत गेल्या तर त्यांचीही तीच गत होणार होती. तरी अधिकाऱ्याने नकार दिला. नकाराचे पत्र दुसऱ्या वर्षाची इशबेल इतक्यांदा वाचायची की मलाही पाठ झाले. 'तुम्ही म्हणता, शिपाई रात्री दोन वाजता आले आणि तेव्हा तुम्ही मुलीला जेवायला वाढत होता. रात्री दोनला कोणी मुलांना जेवायला वाढत नाही. शिवाय तुमच्या चर्चच्या धर्मगुरूंचे इंग्रजीतले पत्र संध्याकाळचे आठ सांगते. तुमची हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही.'

अपील पाठवायला चार दिवस उरले होते. इशबेल आणि तिचा वर्गातला जोडीदार फिनले कागद पसरून बसले होते. दुभाषी बसमध्ये कुठेतरी अडकली होती. झेनेबेचबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "चार वाजून गेले. ती अजून आली नाही."

मी दहा वाजून पाच मिनिटे दाखवत होतो.

"चार?" फिनले हसला. "अहो, माझी न्याहारी तरी जिरू द्या."

"दहा तुमचे," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझे चार."

फिनलेचे हसू मावळले. या बाई न्यायाधीशांसमोर उभ्या राहिल्या तर आपले काही खरे नाही, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. इशबेलने मात्र पेन खाली ठेवले. "माझे म्हणजे कसे? दाखवा ना."

झेनेबेचबाई उठल्या आणि, मित्रांनो, त्यांनी माझ्या तासकाट्याच्या शेपटीवर बोट ठेवले. माझा काटा मधल्या खिळ्याच्या मागेही बोटभर निघालेला आहे. टोक दहावर होते आणि शेपटी चारवर. इतक्या वर्षांत त्या शेपटीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. मीसुद्धा नाही.

"टोक तुमचं, शेपटी आमची," त्या म्हणाल्या. "दिवस उजाडला की आम्ही मोजायला लागतो. तुमचे सात, आमचा एक. अंधार पडला की पुन्हा एकपासून."

इशबेल खुर्चीवर चढली. तिने मला भिंतीवरून काढले आणि पाठीमागची कळ फिरवू लागली. शेपटी फिरत फिरत दोनवर आली. टोक आठवर थांबले.

"आठ," ती म्हणाली. "रात्रीचे दोन म्हणजे संध्याकाळचे आठ. जेवणाचीच वेळ. फिनले, धर्मगुरूंचं पत्र काढ."

"हातातच आहे गं. हे बघ, संध्याकाळचे आठ!"

असा आनंद मला भोजनघरातही झाला नव्हता.

"पण तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" इशबेलने विचारले.

"पोरी, साहेबांनी विचारलं, किती वाजले होते. मी सांगितलं. दुभाष्याने तसंच पुढे सांगितलं. अंधार नुकताच पडला होता का, हे कुणी विचारलंच नाही."

गलका ऐकून मोरागबाई आल्या. "दहा दिवस पुस्तकं उपसताय, आणि उत्तर डोक्यावर टांगलेलं? आता नाचणं पुरे. न्यायाधीश तुमच्या आनंदावर निकाल देत नाहीत. ही वेळ जाणणाऱ्या तज्ज्ञाचं पत्र मागवा."

"घड्याळच घेऊन जाऊ का?" इशबेलने विचारले.

"फोटो काढ. आणि आधी ते होतं तसं दहा मिनिटं पुढे कर."

मला जायचे होते हो. पण अपिलासोबत जोडलेला चौदावा कागद म्हणजे मीच.

वसंतात निकाल आला. इशबेलने माझ्याखाली उभे राहून वाचला. 'या बाईंनी पहिल्यापासून खरेच सांगितले आहे.' झेनेबेचबाईंनी ते वाक्य तीनदा वाचायला लावले. मग पदर नसलेल्या त्या बाईने दोन्ही तळव्यांत तोंड लपवले. मला काढायची गोष्ट त्यानंतर कोणी बोलले नाही.

मित्रांनो, जुनी घड्याळे जपा. आणि कोणाचा शब्द तुमच्या घड्याळाशी जुळला नाही, तर त्याला खोटा ठरवण्याआधी एवढेच म्हणा, 'दाखवा ना.'

त्या संध्याकाळी झेनेबेचबाईंनी सगळ्यांसाठी डबे भरून आणले होते. माझे टोक आठवर आले. त्यांनी माझ्या शेपटीकडे पाहिले आणि हाक मारली, "मेरोन, रात्रीचे दोन वाजले. चल, जेवायला वाढते."

सगळ्यात आधी ताटली घेऊन उभा राहिला तो फिनले.