कॉलरची लाइन

कंपनीची बस आली नाही, तेव्हा मालेगावच्या फाट्यावर उभ्या असलेल्या बायांत रूपाच आधी रस्त्यावर उतरून वाशीमकडं पाहू लागली.

वाशीमच्या शिलाई कारखान्यात ती परदेशी जाणाऱ्या शर्टांच्या कॉलरी शिवायची. त्याआधी ती आणि तिची आई भागिरथा रुख्मिणीबाईंच्या वावरात मजुरीनं निंदणाला जात. कारखान्याच्या पगारावर रूपाच्या घरावर पक्का स्लॅब पडला, पोरगी वैभवी नर्सिंगला गेली. पुढं सोयाबीनच्या भावानं दगा दिला, तशा खुद्द रुख्मिणीबाईही कारखान्यात आल्या आणि रूपाच्या बाजूच्या लाइनीत बाह्या जोडू लागल्या. डबा दोघी एकत्र खात.

"काय झालं असंन व?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"जाऊन पाहू, वैनी. इथं उभं राहून काय होते?"

एसटीनं दोघी वाशीमला पोचल्या. कारखान्याच्या दारात ट्रक उभा होता आणि त्यात मशिनी चढत होत्या. सुपरवायझर मदनसिंग नजर चुकवत म्हणाला, "ऑर्डर गेली बाई. फॉरेनवाल्याइले दुसऱ्या देशात सस्त्यात शिवून भेटते. आता एकच लाइन राहीन, कॉलरची. अन् पगार कमी."

"तिथं कोण शिवते?" रूपानं विचारलं.

"तुमच्यासारख्याच बाया."

रूपाला त्या बायांचा राग यायला हवा होता, पण येईना. त्यांतलीही एखादी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या वावरातून सुटली असेल, तिच्याही घरावर आता स्लॅब पडेल. पाणी आपल्या दांडातून तिच्या दांडाला वळलं, एवढंच. पण तिथून तरी ते कुठं वळेल, कोणाला ठाऊक! पगार किती कमी, हे न विचारताच तिनं कॉलरच्या लाइनीवर राहायला हो म्हटलं. रुख्मिणीबाईंना कोणी विचारलंच नाही.

आठवडाभरानं रुख्मिणीबाई रूपाच्या घरी आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना पाहून भागिरथा सवयीनं बाजेवरून उठून उभी राहिली.

"बसा व," म्हणत रुख्मिणीबाई तिच्याच शेजारी टेकल्या. "रूपा, मदनसिंगजवळ माह्यासाठी शब्द टाकशीन का? पोराची, शिवमची, फी भरणं जड जाऊन राह्यलं."

"इचारतो, वैनी."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. मदनसिंगनं लाइनीवरून नजर फिरवली.

"घेतो तिले. पण मंग कोणाले काढू? तूच सांग."

आजूबाजूच्या मशिनी एकेक करून थांबल्या. मान कोणीच वर केली नाही. रूपाला नाव एकही सुचेना, आणि सुचू नये असंच तिला वाटत होतं. ती जागेवर येऊन बसली. त्या दिवशी तिची शिवण सारखी वाकडी जात होती. ती उसवून पुन्हा घालत होती.

संध्याकाळी ती आपण होऊन रुख्मिणीबाईंकडं गेली.

"इचारलं, वैनी. जागा नाई."

मदनसिंगनं उलट काय विचारलं, ते तिनं सांगितलं नाही.

"बरं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. मग उठत, "च्या घेशीन?"

ओसरीवर दोघी कप धरून बसल्या. आत रुख्मिणीबाईंचे यजमान, इंद्रभान, फोनवर कोणाला तरी दबक्या आवाजात विचारत होते, "पुण्याकडं माह्यासारख्याले काही काम भेटंन का?"