न थांबायची शिकवणी

तेलगावच्या बाजूच्या साखर कारखान्यातून केजच्या गोदामात पोती नेणारे चौदा ड्रायव्हर होते. नागपंचमीच्या आधी त्यातल्या तेरा जणांना मिठाईचा पुडा देऊन घरी पाठवलं आणि चौदावा, म्हणजे बंकट, तेवढा ठेवला. त्याला ठेवण्याचं कारण असं की अठ्ठावीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत त्याच्या चाकाखाली एक शेळीसुद्धा आली नव्हती.

पुण्याच्या एका कंपनीनं कारखान्याच्या एका ट्रकला डोळे बसवले होते. टपावर, आरशांजवळ, बंपरवर, मिळून अकरा. हा ट्रक पुढं आपला आपण चालणार होता, पण आधी त्याला चालायला शिकायचं होतं, आणि ते तो बंकटकडून शिकणार होता. बंकटनं फक्त नेहमीसारखी गाडी चालवायची. तो कुठं बघतो, कुठं पाय काढतो, कुठं ब्रेक दाबतो, सगळं गाडी टिपून घेणार. सासूनं सुनेला घरकाम दाखवावं तसंच हे, एवढंच की दाखवून झाल्यावर इथं सासूनं बाहेर पडायचं होतं.

अगदीच बाहेर नाही म्हणा. गाडी नीट शिकली तर तिच्या सीटवर एक माणूस कायमचा बसवायचा, असा कंपनीचा नियम होता. त्यानं हात मांडीवर ठेवून बसायचं आणि आकाशच कोसळलं तर ब्रेक दाबायचा. ती जागा बंकटला कबूल केली होती. बंकट चोपन्न वर्षांचा. चाळिशीपुढचा ड्रायव्हर आता कुणी मालक घेत नव्हता. सगळेच मालक पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. त्याची बायको विमलबाई म्हणाली, हात मांडीवर ठेवायचा पगार तुमच्या बापजाद्यात कुणाला मिळाला न्हाई, तवा ही जागा घालवू नका.

तीन महिन्यांत गाडी धारूरचा घाट शिकली. समोरून लाइट मारणारे ट्रॅक्टर शिकली. रस्त्यात बसलेल्या म्हशीला हॉर्नचा उपयोग नसतो, हेही शिकली. मग परीक्षेचा दिवस आला. बंकट हात मांडीवर ठेवून बसला. त्याच्या मागं आरोही मॅडम बसल्या, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. पंचविशीची पोरगी, पुण्याहून आलेली. बंकटला काका म्हणायची. गाडी गेटातून निघाली ती अशी झकास, की बंकटला आपणच चालवतोय असं वाटून घाम फुटला.

आणि लिंबाच्या फाट्यावर गाडी थांबली.

बिघाड काही नव्हता. फाट्यावर एका माणसानं हात केला होता, म्हणून थांबली. त्यानं बोचकं वर टाकलं, चढला, बसला, तेवढा वेळ वाट बघितली आणि निघाली. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. केजला पोचेपर्यंत साखरेच्या पोत्यांवर अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक गॅसची टाकी होती.

आरोहीनं विचारलं, काका, तुम्ही रोज थांबत होता?

बंकटला प्रश्नच कळला नाही. एसटी दिवसातून दोनदा येते, तीही आली तर. जीप भरल्याशिवाय हलत नाही. माणसानं हात केला की ट्रक थांबतो, ही काय सांगायची गोष्ट होती? डॉक्टरनं रोज काय काय करता विचारलं तर श्वास घेतो असं कुणी सांगतं का?

पुण्याहून निरोप आला की हे चालणार नाही. हात केला तरी गाडी थांबता कामा नये. पण सांगून तिला कळत नव्हतं, ती बघूनच शिकायची. म्हणजे पुढचे दोन महिने बंकटनं पुन्हा चाक हातात घ्यायचं, लोकांनी हात करायचा, आणि त्यानं तसंच पुढं जायचं. थांबायचं नाही, हळू करायचं नाही, ॲक्सिलरेटरवरचा पायसुद्धा उचलायचा नाही, कारण गाडी पायाकडं बघते. डिसेंबर अखेरपर्यंत शिकली तर बंकटची जागा पक्की. नाही शिकली तर कंपनी गाडी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, आणि बंकट घरी.

बंकट मोठा भिडस्त माणूस. तो फाट्याफाट्यावर जाऊन लोकांना सांगून आला, की दोन महिने मी थांबणार न्हाई, राग धरू नका. लोक त्याच्याहून भिडस्त. आपल्या बंकटची नोकरी हाय, त्याला कशापायी अडचणीत आणायचं, असं म्हणून त्यांनी हात करणंच सोडलं. ट्रक दिसला की हात मागं बांधून उभे राहायचे, झेंडावंदनाला उभं राहावं तसे. दहा दिवसांत गाडीला एकही हात दिसला नाही. आता ती शिकणार काय?

तेव्हा कंपनीनं रोजानं हात करणारी माणसं लावली.

हे काम जिल्ह्यात पहिल्यांदाच निघालं होतं. गाडीला हात करायचा आणि गाडी थांबली नाही की हजेरी लागायची. लिंबाच्या फाट्यावर हे काम राधाकिशन आणि छबुबाई या नवरा-बायकोला मिळालं. राधाकिशन एके काळी बंकटचा क्लीनर होता. आठ वर्षं दोघं एका केबिनमध्ये जेवले, झोपले आणि भांडले. कंबर गेल्यावर राधाकिशननं ट्रक सोडला आणि फाट्याजवळच्या वस्तीवर दोन म्हशी पाळल्या. बंकटला तो अजून वस्ताद म्हणायचा.

पंधरवड्यानं पुण्याहून तक्रार आली, की सगळे हात सारखेच दिसतात, विविधता पाहिजे. राधाकिशनच्या अंगात आधीपासूनच नाटक होतं. त्याला आता कंपनीनं स्टेज दिलं. एक दिवस तो शेळी घेऊन उभा राहिला. एक दिवस छबुबाईनं पोटाला उशी बांधली आणि कळा दिल्या. एक दिवस तो चक्क रस्त्याच्या कडेला आडवा पडला आणि ती ऊर बडवत हात करत राहिली. एकदा त्यानं हाताला फडकं गुंडाळून त्यावर कुंकवाचं पाणी ओतलं आणि बायकोच्या खांद्यावर मान टाकली. बंकट तसाच पुढं गेला. पुढं गेल्यावर मात्र इतका हसला, की घाटाच्या तोंडाला त्याला डोळे पुसावे लागले.

परत येताना गाडीची शिकवणी बंद असायची, तेव्हा तो फाट्यावर चहाला थांबायचा. राधाकिशन विचारायचा, "वस्ताद, आज पाय हालला का?"

"न्हाई बे."

"मंग उद्या बघा."

असा तो खेळ झाला होता. आरोहीच्या कॉम्प्युटरवर गाडीचे मार्क चढत होते. शंभरातले साठ, सत्तर, एक्क्याऐंशी.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला बंकट भरलेली गाडी घेऊन फाट्याजवळ आला. छबुबाईनं हात वर केला होता. राधाकिशन तिच्या अंगावर रेलला होता. त्याच्या उजव्या हाताला लाल टॉवेल होता.

गाडी पुढं गेली.

केजला पोती उतरवून बंकट परतला तेव्हा फाट्यावर माणसं जमली होती. म्हशींसाठी कडब्याची कुट्टी करताना राधाकिशनचा हात कोपरापर्यंत मशीनमध्ये गेला होता. बंकटच्या ट्रकनंतर चाळीस मिनिटांनी एक जीप आली, तीही लोक रस्त्यात आडवे उभे राहिले म्हणून थांबली. राधाकिशन केजच्या अलीकडंच गेला. टॉवेल पांढरा होता.

बंकटनं सगळ्यांना सांगितलं की मला रोजच्यासारखं सोंग वाटलं. सगळ्यांना ते पटलं, कारण कुंकवाचं सोंग सगळ्यांनी बघितलं होतं आणि हसलेही सगळे होते. त्याला कुणी बोल लावला नाही. पोलिसांनीही कुट्टीच्या मशीनचा अपघात असं लिहून घेतलं. कंपनीनं दुःख कळवलं आणि त्या दिवसाची हजेरी धरली, कारण हात केलेला होता आणि गाडी थांबलेली नव्हती. बंकट भेटायला गेला तेव्हा छबुबाईनं त्याला पाणी दिलं आणि म्हशीकडं गेली.

पाचव्या दिवशी आरोहीनं बंकटला कारखान्याच्या आवारातल्या पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. कॉम्प्युटरवर एक रेघ दाखवली. रेघ सरळ येत होती, एका जागी खाली बसत होती आणि पुन्हा वर जात होती.

"काका, हा मंगळवार. लिंबाचा फाटा. इथं तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलाय. ब्रेकवर आलाय. दाबलेला नाही. दीड सेकंद तसाच आहे, मग परत गेलाय."

बंकट रेघेकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, हे आणखी कुणाला दिसतं? ती म्हणाली, पुण्याला दिसलं. ते म्हणतात ही फेरी काढून टाका, नाहीतर गाडी चाचरायला शिकेल.

"काढू?"

"काढा."

तिनं बटण दाबलं. तिचं नाक लाल झालं होतं. पण डिसेंबरात आमच्याकडं पुण्याच्या माणसांची नाकं लालच असतात.

महिनाअखेरीला गाडी परीक्षेत पास झाली. वाटेत नऊ जणांनी हात केला आणि ती नवांपैकी कुणासाठीही थांबली नाही. बंकटला कायमचं पत्र मिळालं. विमलबाईनं ते प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलं. हात करणाऱ्यांचं काम संपलं, तसं त्यांना कळवण्यात आलं.

छबुबाईलाही कळवलं होतं. तरी जानेवारीच्या पहिल्या दिवशी ती फाट्यावर उभी होती, आणि ट्रक दिसल्यावर तिनं हात केला. ट्रक गेला. दुसऱ्या दिवशीही ती होती. आता कसलं सोंग नव्हतं. कपाळ मोकळं, एका हातात पदर आणि दुसरा हात वर. लोक म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. बंकट उंच सीटवर मांडीवर हात ठेवून बसलेला असायचा, आणि गाडी तिच्यासमोरून चाळीसच्या वेगानं, त्यानं शिकवलं होतं अगदी तशीच, जायची. त्यानं विमलबाईला सांगितलं. ती म्हणाली, डोळे मिटून घेत जावा. पण सीटवरच्या माणसाचे डोळे मिटले की गाडी शिट्टी मारायची. ती सोयही कंपनीनं करून ठेवली होती.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी बंकटनं ब्रेक दाबला.

गाडी फाट्यापासून दहा पावलांवर थांबली. तो उतरून मागं चालत गेला. छबुबाईनं हात खाली घेतला.

"वैनी," तो म्हणाला, "मला दिसलं होतं. रगत खरं हाय ते दिसलं होतं."

"ठाव हाय."

"कसं?"

"तुमी पाय काढला न्हवं, भावजी? गाडीचा आवाज खाली बसला. आठ वर्सं त्याच आवाजावर तव्यावर भाकर टाकलीय मी. हे आले म्हणून." तिनं रस्त्याकडं बोट केलं. "तवा म्हणलं, थांबली गाडी. मी त्यांचा टॉवेल गच दाबून धरला होता दोन्ही मुठींनी, आन हात करायला एक मूठ काढलेली. ती दुसरीबी सोडली. पिशवी घ्यायला खाली वाकले. आधार कार्ड होतं तिच्यात, दवाखान्यात इचारत्यात म्हणून."

बंकटची नजर तिच्या मुठींवर गेली.

"वाकले आन आवाज परत चढला. वर बघितलं तर तुमी गेलते. टॉवेल खाली पडलेला. परत बांधला, पण मंग काय न्हाई."

रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. पुढं ट्रक आपला उभा होता, इंजिन चालू.

"पाय काढायचाच न्हवता, भावजी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. चहात साखर जास्त झाली असं सांगावं तशी ती म्हणाली. "थांबायचं न्हवतं तर पाय कशापायी काढला? एवढंच इचारायचं होतं. रोज हात करत होते ते त्याच्यासाठीच."

त्यानं उत्तर शोधलं. पत्राचं सांगावं, चोपन्न वर्षांचं सांगावं, दीड सेकंदात काय काय डोक्यात आलं ते सांगावं. त्यातलं काही तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. ती पदर खोचून वस्तीच्या वाटेला लागली. तिला ट्रकमध्ये बसायचं नव्हतंच.

केबिनमध्ये फोन वाजत होता. बंकट चढला आणि फोन उचलला. आरोही होती. तिनं विचारलं, काका, ब्रेक का दाबला? जनावर होतं का?

"माणूस होतं."

"चढलं का?"

"न्हाई."

ती हळू आवाजात म्हणाली, की विनाकारण थांबल्याची नोंद पुण्याला गेली तर जागा जाईल. ही पण फेरी काढून टाकू का?

बंकटनं आरशात बघितलं. छबुबाई बाभळींपाशी पोचली होती.

"न्हाई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."

नोंद पुण्याला गेली. आठवड्यानं बंकट घरी बसला आणि सीटवर अंबाजोगाईकडचा दुसरा माणूस आला. तो सांगतो, की काम सोपं आहे. लिंबाच्या फाट्यावर आता कुणी उभं नसतं.