रय्याच्या रांजणातला रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो, आणि मला अजूनही माझ्याच आवाजाची भीती वाटते. बहरीनच्या बाजारात खलफानने मला विकत घेतलं आणि तांदळाच्या पोत्यात लपवून ओमानला, त्याच्या आईकडे, पाठवलं. तो सुलतानांची परवानगी न घेताच कामासाठी परदेशी गेला होता, आणि असा गेलेला माणूस परत येऊ शकत नसे. आमच्या राज्यात साधा काळा चष्मासुद्धा चालत नसे, तिथे जगभरच्या बातम्या सांगणारा मी कसा चालणार?

त्याची आई रय्या हिने मला खजुराच्या रिकाम्या रांजणात ठेवलं. रोज दुपारी ती त्यात डोकं खुपसून बसे. त्या वेळी परदेशी राहणाऱ्यांचे निरोप लागत. आज ना उद्या खलफान बोलेल, एवढ्याच आशेवर ती बिचारी जगत होती. कार्यक्रम संपला की ओढणीने मला पुसून म्हणे, "आज नाही आला. उद्या आण हं, राजा!" इतक्या मायेने माझ्याशी पुन्हा कोणी बोललं नाही. माझ्या बॅटऱ्या मात्र संपत आल्या होत्या.

मग घात झाला. आमच्याकडे सूर्य बुडाला की बारा वाजतात आणि तिथून तास मोजतात. माझा निवेदक त्याच्या देशाचं घड्याळ सांगे. एक दिवस पाण्याच्या पाटावर भांडी घासताना रय्या घाईने उठली. "चला बाई, चार वाजत आले!"

"चार?" शेजारीण झुवैना हसली. "अगं, दहा वाजत आलेत. ऊन लागलं की काय डोक्याला?"

वालीचा, म्हणजे सुलतानांच्या सुभेदाराचा, शिपाई मुसल्लम तिथेच गाढवाला पाणी पाजत होता. तो हसला नाही.

रय्याने घरी येऊन मला चालू केलं, तोच दार वाजलं. तिने घाईघाईत रांजणावर झाकण टाकलं. बटण बंद करायचं राहूनच गेलं.

"सलाम, मावशी. नवीन घड्याळ आणलंत म्हणे?"

"घड्याळ? मला मेलीला वार कळत नाही, तास कुठले! बस, कॉफी घे."

मी आत निरोप देणाऱ्यांची नावं वाचत होतो. गप्प बसायचं माझ्या हातात नव्हतं, मित्रांनो! मी सापडलो असतो तर मला फोडलं असतं, ते एक वेळ चाललं असतं. पण रय्याच्या पायात बेड्या पडल्या असत्या. आणि नेमका तेव्हाच माझ्यातून आवाज आला, "आई, मी खलफान बोलतोय..."

 बाहेर रय्याने झटक्यात पितळी खलबत्ता ओढला आणि कॉफीच्या बिया कुटायला लागली. ठण्! ठण्! ठण्!

"मावशी, अख्ख्या गावाला पाजताय का?" मुसल्लम ओरडला.

"किती दिवसांनी पाहुणा आलाय, ताजी नको का?" ती ओरडली. तिचा हात थांबला नाही. खलफानचं बोलणं संपलं आणि माझ्या बॅटऱ्याही संपल्या.

मुसल्लम कॉफी प्याला, त्याने कपड्यांची पेटी उचकटून बघितली आणि तो निघून गेला. रय्याने रांजणात तोंड घातलं. "काय म्हणाला रे? सांग की!"

मी कसं सांगणार? मला एकदाच बोलता येतं. बॅटऱ्या पुन्हा मिळाल्या नाहीत. राज्य बदललं, रस्ते खुले झाले, तोवर रय्या मातीत गेली होती.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरात कुणी निरोपाची वाट पाहत असेल, तर त्याला निवांत ऐकू द्या. खलफान म्हणाला होता, "आई, मला मुलगी झाली. तिचं नाव तुझंच ठेवलंय." ती रय्या तुम्हाला कुठे भेटली, तर तिला सांगा की आजीला हे कळलंच नाही. आजी तेव्हा कॉफी कुटत होती.